तो आपल्याला पाहतो, आपण त्याला पाहत नाही
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीकविम्यावर झाले, कर्जवसुलीवर झाले. त्यात हा वाघ-बिबट्याचा विषय मध्येच कोठून आला, असे काहींना वाटले असेल. विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. जागलीला गेलेला माणूस सकाळी घरी परत येतो की नाही, हा प्रश्न भावाच्या आधीचा आहे. भाव मिळाला तरी तो मोजून घ्यायला माणूस जिवंत पाहिजे.

या मांडवात बसलेल्यांपैकी किती जणांनी वाघ किंवा बिबट्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, असे विचारले तर थोडेच हात वर होतील. ठसे किती जणांनी पाहिले म्हटले तर जास्त होतील. आणि आपल्या शिवारातून तो कधीच गेला नाही असे छातीठोकपणे कोण सांगतो म्हटले, तर एकही हात वर व्हायचा नाही. रानच्या शिकारी जनावराची आणि आपली भेट ही अशी असते. तो येतो, आपल्याला पाहतो, निघून जातो. आपल्याला दुसऱ्या दिवशी ओल्या मातीत कळते.

याचा पुरावा हवा असेल तर आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलाच आहे. टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ पट्टा घातला. त्याचे सरकारी नाव सी-१. जून २०१९ मध्ये तो टिपेश्वरातून बाहेर पडला. तेलंगणातला आदिलाबाद, मग हिंगोली, वाशीम, अकोला असे करत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२० मध्ये पट्टा काढला तोपर्यंत त्याची चाल ३,००० किलोमीटरच्या वर भरली होती. आता हा मुलूख नजरेसमोर आणा. हे सगळे मोठे जंगल आहे काय? पऱ्हाटी आहे, तूर आहे, सोयाबीन आहे, ज्वारी आहे. रस्ते आहेत, गावे आहेत. दिवसा तो नाल्याच्या झुडपात पडून राही आणि रात्री चाले. भूक लागली की रानडुक्कर किंवा एखादे ढोर मारी. इतक्या मोठ्या वाटेवर त्याच्याकडून माणूस जखमी झाला तो एक. तोसुद्धा, वाघ ज्या झुडपात विसावला होता त्यात काही लोक शिरले म्हणून.

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्याच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. तोही टिपेश्वरचाच निघाला. म्हणजे कापसाच्या मुलखातला वाघ थेट बार्शीकडच्या रब्बी ज्वारीच्या मुलखात गेला. तेव्हा ज्वारीवाल्या भावांनी हा विषय वऱ्हाडातल्या लोकांचा आहे असे समजून बाहेर चहाला जाऊ नये.

तो लपून का राहतो, हे नीट समजून घेऊ. वाघाची, बिबट्याची शिकार दबा धरून असते. दहा वेळा झेप घालावी तेव्हा एखाददुसऱ्या वेळी पोट भरते. सांबराची लाथ बसली, डुकराचा सुळा लागला, पाय मोडला, की त्याचा दवाखाना नाही आणि कर्जमाफीही नाही. उपाशी मरायचे. म्हणून तो धोका घ्यायला फार कचरतो. दोन पायांवर उभे राहून बोलत चालणारा माणूस हे त्याच्या ओळखीचे भक्ष्य नाही. तो आपली चाहूल आधी घेतो आणि बाजूला होतो. आपल्या आयुष्यात अशा कितीतरी भेटी होऊन गेल्या असतील, ज्या आपल्याला माहीतच नाहीत.

मग माणसे मरतात ती कशी? मरतात, हे खरे आहे. राळेगाव आणि पांढरकवड्याच्या भागात २०१६ ते २०१८ या काळात १३ माणसे मेल्याचा ठपका एका वाघिणीवर आला आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घातली. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. आणि हा धोका कमी होण्यातला नाही. गणतीप्रमाणे महाराष्ट्रात २०१४ साली १९० वाघ होते, २०१८ साली ३१२ झाले, २०२२ साली ४४४ झाले. टिपेश्वर मात्र होते तेवढेच, १४८ चौरस किलोमीटर. बाप वाघ जवान झालेल्या पोराला हद्दीत ठेवून घेत नाही. आपल्याकडे वाटणीत एकरभर तरी येते, त्याला तेवढेही मिळत नाही. तो बाहेर पडणार, आणि बाहेर आपण आहोत.

म्हणून कामाची गोष्ट ही की माणूस त्याच्या तावडीत कोणत्या वेळी सापडतो. त्याचे चार प्रकार आहेत. चारही आपल्या रोजच्या कामात बसलेले आहेत.

पहिला प्रकार, वाकलेला माणूस. उभा माणूस त्याला माणूस दिसतो. वाकून कापूस वेचणारी, निंदण करणारी, मोहफुले गोळा करणारी, तेंदूचे पान तोडणारी बाई झुडपाआडून चार पायांच्या जनावरासारखी दिसते. परसाकडे बसलेला माणूसही तसाच. शिवाय वाकलेल्याची पाठ उघडी असते, आणि वाघ मागून येतो. बंगालच्या सुंदरबनात १९८० च्या दशकात मध आणि लाकूड गोळा करणाऱ्यांना माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे दिले होते, डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायला. मागेही डोळे दिसतात म्हटल्यावर वाघाने बराच काळ त्यांच्यावर हात टाकला नाही. पुढे त्याला मुखवट्याची लबाडी कळली, हा भाग वेगळा. पण आपण पाहिले गेलो आहोत हे समजले की तो माघार घेतो, एवढे त्यातून घ्यायचे.

दुसरा प्रकार, अवेळ. दिवस उगवण्याआधीचा आणि बुडाल्यानंतरचा काळ हा त्याच्या कामाचा. त्या वेळी आपण कोठे असतो? मोहाखाली असतो, कारण फुले पहाटे पडतात. विहिरीवर मोटर सुरू करायला असतो, कारण रात्रीच्या पाळीची वीज तेव्हा येते. डुकरांसाठी जागलीला असतो.

तिसरा प्रकार, अडचण. झुडपात झोपलेला वाघ, पिलांजवळची वाघीण, मारलेल्या ढोरावर बसलेला बिबट्या, यांच्या अंगावर आपण नकळत जातो. त्याला पळायला वाट राहत नाही. अस्वलाचे तर याहून वाईट. ते काही आपल्यावर दबा धरून बसत नाही, पण बोरे, मोहफुले, वारुळातली वाळवी खाताना त्याचे तोंड खाली असते आणि त्याला आपली चाहूल लागत नाही. अचानक समोर आलो की घाबरून तोंडावरच धावते.

चौथा प्रकार, गर्दी. शेतात वाघ आहे म्हटले की पाचशे माणसे जमतात. पोरे मोबाईल घेऊन झाडावर चढतात. काही दगड मारतात. चारी बाजूंनी कोंडलेले जनावर जी फट दिसेल तीतून निघते, आणि त्या फटीत जो उभा असेल तो सापडतो. असे जखमी होणारे शेतकरी कमी आणि बघे जास्त असतात. बघ्यांना आवरणे हे गावाचे काम आहे.

आता उपाय. आम्ही शेतीशास्त्र शिकलो ते पिकाचे वेळापत्रक बसवायला. तेच वेळापत्रक येथेही लावू.

वेचणीपासून सुरुवात करू. जंगलाला, झुडपी जंगलाला किंवा मोठ्या नाल्याला लागून ज्यांचे शेत आहे त्यांनी ऊन वर आल्यावरच वेचणीला जावे आणि उजेड असताना परतावे. शेतात शिरण्याआधी धुऱ्यावरून डबे वाजवावेत, मोठ्याने बोलावे, त्याला निघून जायला अवधी द्यावा. नाल्याच्या अंगाने आत न जाता गावाच्या अंगाने सुरुवात करावी. बायांनी एका ओळीत, जवळजवळ राहून वेचावे. आणि एक माणूस उभा ठेवावा, त्याचे काम फक्त पाहण्याचे. मालक म्हणेल, एक मजुरी फुकट गेली. आम्ही विचारतो, वेचणारी दुसऱ्याच्या घरची आहे म्हणून तिच्या जिवाची किंमत एका मजुरीहून कमी आहे काय? मालकाने स्वतः उभे राहावे.

धुऱ्यावरची रायमुनिया आणि बेशरम साफ करावी. दिवसा लपायला त्याला ही आयती जागा होते. फरदडीचेही तेच. फरदड घेऊ नका, बोंडअळी पुढच्या वर्षावर जाते, हे आम्ही बऱ्याच बैठकांत सांगत आलो. आता आणखी एक कारण पाहा. फेब्रुवारीत सगळे शिवार मोकळे झालेले असते. अशा वेळी एकट्या उभ्या फरदडीत डुकरे आसरा घेतात, आणि डुकरांच्या मागे कोण येतो ते सांगायला नको. वेळेवर पऱ्हाटी उपटली तर अळी जाते आणि आसराही जातो. पऱ्हाटीचे ढीग मात्र घराच्या आणि गोठ्याच्या पाठीशी रचून ठेवू नका.

ज्वारी हुरड्यावर आली की डुकरे आणि रोही ठरलेले. जागल चुकत नाही. पण एकट्याने जागल करू नका. शेजारच्या चार शेतांनी मिळून पाळी लावा, दोघे-दोघे जा. जमिनीवर, धुऱ्याच्या कडेला, अंगावर घोंगडे ओढून झोपू नका. उंच माळा बांधा आणि वर बसा. जाता-येताना बॅटरी हातात, बोलणे मोठ्याने. झटका मशीन परवडत असेल तर गावाने मिळून घ्या. पण तारेत थेट वीज सोडणे बंद करा. त्या तारेला वाघ मरतो तसा शेजाऱ्याचा पोरगा मरतो. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी गुन्हाच होता.

ढोरे मारली जातात तेव्हा राग येतो, तो खरा असतो. दुभती म्हैस गेली की घराचा महिन्याचा हिशेब गेला. पण त्या रागात मढ्यावर विषारी औषध टाकू नका. त्याने वाघ मरेल, गावातली कुत्री मरतील, नाल्याचे पाणी खराब होईल, आणि तुरुंगात जाल तुम्ही. मढे हलवू नका. ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा आणि पंचनामा करून घ्या. मढे हलवले की भरपाईच्या कागदावर पहिला शेरा तोच पडतो. पंचनामा होईपर्यंत तेथे एकट्याने जाऊ नका, संध्याकाळी तर मुळीच नको. तो परत येतो. गावातले मेलेले जनावर नाल्यात फेकण्याची पद्धतही सोडा, पुरून टाका. आपण फेकतो आणि तो गावाजवळ का आला म्हणून आपणच विचारतो.

बिबट्याचे थोडे वेगळे सांगितले पाहिजे. तो जंगलावाचूनही राहू शकतो. अकोले तालुक्यात, जेथे जंगल नाही अशा उसाच्या आणि वस्तीच्या भागात, अभ्यासकांना १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ मोठे बिबटे आढळले, आणि त्यांच्या खाण्यात सर्वांत जास्त कुत्री निघाली. म्हणजे गावात उकिरडा, उकिरड्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. दिसला की पिंजरा लावा अशी मागणी होते. जुन्नरकडे तसे करून पाहिले. धरलेले बिबटे दुसऱ्या जंगलात नेऊन सोडले. आधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत, ते १७ वर गेले. जागा बदललेले जनावर वाट चुकते आणि बिथरते. ज्याने माणसे मारायला सुरुवात केली त्याला धरावेच लागते, त्यात दुमत नाही. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा मागू नका.

मराठवाड्यातल्या माळावरच्या भावांना लांडगा रोजचा आहे. तो शेळी उचलतो, माणसाच्या वाटेस सहसा जात नाही. पण भर दिवसा न बिचकता माणसावर धावून आलेला लांडगा किंवा कोल्हा पिसाळलेला समजावा. चावला तर जखम १५ मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. भगताकडे नंतर जा.

ठसे ओळखायला शिका. कुत्रा, लांडगा, तडस यांच्या ठशात नखे उमटतात. वाघ-बिबट्याच्या ठशात उमटत नाहीत, कारण तो नखे आत ओढून चालतो. बिबट्याचा ठसा ७ ते ९ सेंटिमीटर, मोठ्या वाघाचा १२ ते १५. ताजा ठसा दिसला तर त्याचा माग काढत पुढे जाऊ नका, मागे फिरा आणि गावात सांगा. वानरांनी खेकसायला सुरुवात केली, मोर ओरडला, ढोरे कान टवकारून एकाच दिशेला पाहू लागली, की हातातले काम सोडून उभे राहा. रानाने दिलेली ही बातमी आहे, आणि ती फुकट असते.

आणि खरेच समोर आला तर? पळू नका. पळणाऱ्यामागे धावणे हा त्याचा स्वभाव आहे. पाठ करू नका, खाली बसू नका, वाकून दगड उचलू नका. उभे राहा, त्याच्याकडे तोंड ठेवा, लेकरू असेल तर उचलून घ्या. मोठ्या पण सावकाश आवाजात बोला आणि एक एक पाऊल मागे या. त्याची वाट मोकळी ठेवा. बहुतेक वेळा तोच जातो. अस्वल लांब असेल आणि त्याने पाहिले नसेल तर गप्प, हळू मागे फिरा.

काही मित्र म्हणतील, आम्हालाच सगळे शहाणपण सांगता, सरकारला काही सांगणार की नाही? सांगणार. आम्ही वाघाची आरती करा असे म्हणत नाही. आपले पीक खाणारे डुक्कर तो खातो, एवढा त्याचा उपयोग आम्ही मान्य करतो. पण देशाने वाघ राखायचे ठरवले असेल तर त्याचा खर्च देशाने उचलावा. झुडपाशेजारी दोन एकर कोरडवाहू असलेल्या माणसाने एकट्याने तो का उचलावा? शहरातला माणूस जिप्सीत बसून पैसे मोजून वाघ पाहतो. आपल्याला तो फुकट भेटतो, आणि कधी कधी त्याची किंमत जिवाने चुकते. हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. त्याबद्दल तक्रार नाही. पण मेल्यावर २५ लाख देण्यापेक्षा दिवसा वीज देणे स्वस्त पडते. रात्री मोटर लावायला माणूस गेलाच नाही तर तो मरणार नाही. हे अर्थशास्त्र समजायला पदवी लागत नाही.

म्हणून या बैठकीत तीन मागण्या ठरावात घालाव्यात अशी सूचना आहे. पहिली, जंगलालगतच्या सर्व गावांना शेतीची वीज दिवसाच मिळावी आणि यात या गावांचा नंबर आधी लागावा. दुसरी, कॅमेऱ्यात किंवा पट्ट्यावरून वाघाचा ठावठिकाणा वनखात्याला कळतो, तो त्याच दिवशी त्या शिवाराच्या गावांना कळवावा. वाघाची माहिती आणि माणसाचा जीव एका फायलीत राहू नयेत. तिसरी, ढोरांची आणि पिकाची भरपाई ठरलेल्या मुदतीत खात्यावर जमा व्हावी. भरपाई वेळेवर मिळाली की विषाची बाटली आपोआप खाली राहते.

आणि तीन गोष्टी गावाने स्वतःच्या अंगावर घ्याव्यात. एकट्याची जागल बंद. वेचणीला एक माणूस उभा. तारेत वीज नाही. या तीन गोष्टींना शासन निर्णय लागत नाही. आज येथून गेल्यावर गावाच्या पारावर बसा, ज्यांची शेते नाल्याला लागून आहेत त्यांची यादी करा, जागलीच्या जोड्या लावा आणि कागद भिंतीवर चिकटवा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तो कागद आणावा. भावाच्या चर्चेआधी आम्ही तो मागणार आहोत.